करंट वाटेत मरतो

किल्ली फिरवावी आणि इंजिनाच्या कप्प्यातून नुसतं ‘टक्’ व्हावं. आवाज एवढासा, पण बोटीवरच्या प्रत्येकाला ऐकू जातो. पाणी बुडाशी थापटत असतं, दोर डोलकाठीवर खडखडत असतो, शेजारून मांडव्याची लाँच भोंगा देत जाते, तरीही. चाललेलं बोलणं तुटतं. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. शीड गुंडाळून ठेवलेलं, वारा पडलेला, आणि ओहोटीचं पाणी बोटीला घाई न करता प्राँग्सच्या दीपगृहाकडे घेऊन चाललेलं.

शिडाच्या बोटीला इंजिन लागतंच कशाला, हा प्रश्न किनाऱ्यावर उभं राहून विचारला जातो. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर पडायचं म्हणजे त्याला ओढ असणारच. त्यात सूर्य कलला की वारा अनेकदा हात वर करतो. न्हावा-शेव्याकडे निघालेलं कंटेनर जहाज आपल्यासाठी वळत नाही. त्या अरुंद खोदलेल्या वाटेत त्याला वळता येतही नाही. तेव्हा अपोलो बंदरासमोरच्या आपल्या बोयापर्यंत पोचायचं तर पायऱ्यांमागचं ते तेलकट, गरम, कुरकुरणारं धूड चालू व्हावंच लागतं.

आमच्या बोटीचं वय चाळिशीच्या आसपास. अंग फायबरचं, आत सागवान, आणि दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्या उचलून बाजूला ठेवल्या की ते दिसतं, आणि दिसण्याआधी त्याचा वास येतो: डिझेल, खारं पाणी, ओलं सागवान आणि जुन्या रबराचा थोडा जळका दर्प. आम्ही चौघे तिचे मालक. आमच्याआधी बरेच होऊन गेले आणि प्रत्येकाने आपापली वायर मागे ठेवली. कुणी पंखा लावला होता, कुणी टेपरेकॉर्डर, कुणी पाण्याची खोली मोजायचं यंत्र. माणसं गेली, यंत्रं गेली, वायरी राहिल्या. लाकडी अस्तरामागे लाल म्हणून शिरलेली वायर दुसऱ्या टोकाला काळी होऊन बाहेर येते. काहींची तोंडं टेपने बांधलेली आहेत, आणि त्यातल्या काहींमध्ये अजूनही बारा व्होल्ट जागे आहेत.

मी वही-पेन्सिल घेऊन त्या वायरींचा नकाशा काढायला बसलो. कंटाळवाणं काम. एकाने अस्तराआड वायर ओढायची, दुसऱ्याने केबिनच्या दुसऱ्या टोकाला कुठलं टोक हललं ते सांगायचं. पण बोटीशी माझी खरी ओळख सुकाणू धरून झाली नाही, त्या वहीत झाली. कोणता मालक नीटस होता, कोणता घाईतला, कुणाकडे पैसे कमी होते, कुणाला रात्री दिवा लावून वाचायची सवय होती, हे सगळं तिथे कळत गेलं. त्या वाचणाऱ्या माणसाने आपल्या दिव्यासाठी वेगळा फ्यूज घातला होता. मला तो फार आवडला.

नकाशा पुढच्या टोकापर्यंत पोचला तेव्हा नांगराच्या साखळीशेजारी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या, इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या दोन सेल्फ मोटारी सापडल्या. इंजिनावर बसवलेली तिसरी. म्हणजे हा ‘टक्’ आमच्याबरोबर आला नव्हता. वारशात मिळाला होता.

चाचा आले ते याच सुमाराला. मूळचे हर्णैचे, ससून डॉकच्या ट्रॉलरांवर इंजिनं सांभाळण्यात आयुष्य गेलेलं. आमच्या बोटीकडे त्यांनी थोड्या करुणेनेच पाहिलं. त्यांच्या हिशेबी मासळी न आणणारी बोट म्हणजे शौक. साखळीशेजारच्या दोन्ही मोटारी बघून त्यांनी विचारलं, “यांना काय झालं?”

“बिघडल्या म्हणून काढल्या असणार, चाचा.”

त्यांनी एकेक मोटार पायाखाली दाबून धरली आणि जाड केबलने थेट बॅटरी लावली. पहिली गुरगुरून फिरली. दुसरीही. चाचांनी पाय काढला.

“दोन्ही जिवंत. बसवलेली पण जिवंत असंल. सेल्फचा गुन्हा नाय, साहेब. करंट वाटेत मरतोय.”

मग त्यांनी मला किल्ली फिरवून धरायला सांगितलं, मनात पाच आकडे म्हणेपर्यंत. टक् झालं. त्यांनी बॅटरीपासून सुरुवात करून केबलवरून हात फिरवत नेला. बॅटरीचं टर्मिनल, मोठा स्विच, सेल्फकडे जाणारी जाड केबल, आणि मग परतीची वाट: इंजिनाच्या बॉडीपासून बॅटरीच्या ऋण टोकाकडे येणारी काळी केबल. ती जिथे बोल्टाने इंजिनाला जखडली होती तिथे त्यांचा हात झटक्यात मागे आला. “इथं.” मी बोट लावून पाहिलं. केबलच्या टोकाचा लग चटका बसेल इतका तापला होता.

मीटर लावला तेव्हा आकड्यांनीही तेच सांगितलं, पण सांगण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. स्वस्थ बसलेल्या बॅटरीवर मीटर लावला की १२.६ व्होल्ट दिसतात आणि माणूस खूश होतो. तो आकडा खोटा नसतो, निरुपयोगी असतो. किल्ली फिरवून धरल्यावर, सेल्फ शेकडो अँपिअर मागत असताना, आकडा कुठे जातो ते बघायचं. दहाच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे. नाही घसरला, तर बॅटरी देते आहे आणि मोटारीपर्यंत पोचत नाही. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या बॉडीवर. दोन्ही ठिकाणं एकाच केबलने जोडलेली, त्यामुळे किल्ली फिरवल्यावरही त्यांच्यात फरक जेमतेम दिसावा. आमच्या बोटीवर दोन व्होल्टच्या वर दिसला. सुई एकेक जोड पुढे सरकवत नेली आणि सगळी तूट त्या एका लगवर सापडली.

गेऑर्ग ओह्मने १८२७ मध्ये पुस्तकात मांडलेला नियम शाळेत पाठ करताना त्याला चटका असेल असं कधी वाटलं नव्हतं. दोनशे अँपिअरच्या वाटेत एक शतांश ओहमचा अडथळा आला, तर दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. दोनशे गुणिले दोन, चारशे वॅट. एवढी उष्णता सुपारीएवढ्या तांब्याच्या तुकड्यात. एक शतांश ओहम साध्या मीटरला धड मोजताही येत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचा विरोध त्याहून जास्त असतो. चाचांच्या तळहाताला तो कळला.

आणि मग त्या दोन मोटारींचं कोडंही सुटलं. आमच्या इंजिनावर सेल्फ धरून ठेवणाऱ्या बोल्टाखालीच हा लग होता. सेल्फ बदलायची तर तो बोल्ट सोडावा लागतो, लग निघतो, घासला जातो, पुन्हा घट्ट आवळला जातो. नवी मोटार बसवली आणि इंजिन झटक्यात सुरू झालं, की माणूस जुन्या मोटारीला दोष देणार हे उघड आहे. काही महिने बरे जातात. ओल पुन्हा आत शिरते. पुन्हा टक्, पुन्हा नवी मोटार. नवा पार्ट बसवून बोट चालू झाली म्हणजे निदान बरोबर होतं, असं मानणारे मेकॅनिक किनाऱ्यावर भरपूर आहेत. ते खोटं बोलत नसतात. त्यांचा इलाज खरोखर लागू पडलेला असतो, फक्त दुसऱ्याच रोगाला.

लग कापून उघडला. बाहेरून चकचकीत होता. आत केबलचे बारीक धागे काळे पडलेले आणि त्यांच्यात हिरवी भुकटी. स्वयंपाकघरात ज्यांनी पितळेची भांडी पाहिली आहेत त्यांना हे नवीन नाही. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, म्हणून रस्त्यावर भाता मांडून बसलेल्या कल्हईवाल्याकडे भांडी जायची, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि कथलाचा पातळ थर तांब्यापितळेला झाकून टाकायचा. बोटीसाठी बनवलेल्या चांगल्या वायरीत प्रत्येक धाग्याला तोच थर असतो, तेच कथील. लोहार चाळीत मिळणारी घरगुती वायर उत्तम तांब्याची असली तरी उघड्या तांब्याची असते. खारी ओल तिच्या प्लास्टिकच्या आतून, धाग्याधाग्यांमधून वर चढत जाते. टोक कापून पाहावं तर काळं, आणखी वीतभर कापावं तरी काळंच. वर वर सोलून नवा लग दाबला तर मेलेल्या तांब्यालाच दागिना घातल्यासारखं होतं. आम्ही पूर्ण केबल टाकून दिली, कथील चढवलेली जाड केबल आणली, लग डाख न देता यंत्राने दाबून बसवला. डाख दिलेली वायर जिथे संपते तिथे ती ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. लगवर गरम करून आवळणारी नळी चढवली आणि इंजिनाच्या बॉडीवरचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट आवळला.

समुद्राचा या सगळ्यातला हात ओल आणि मीठ एवढाच नाही. अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० मध्ये जगाला जी पहिली बॅटरी दाखवली ती दोन धातूंच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी उतरंड होती. आता आपली बोट बघा. काशाचा पंखा, स्टीलचा दांडा, इंजिनात लोखंड आणि अॅल्युमिनियम, आणि भोवती अरबी समुद्र. व्होल्टाने टेबलावर मांडलं ते आपण मोठं करून पाण्यात सोडलेलं असतं, आणि ते रात्रंदिवस, किल्ली खिशात असतानाही, आपलं काम करत राहतं. दोन धातूंतला जो दुबळा, तो झिजतो. म्हणून दांड्यावर जस्ताचा गोळा बांधायचा. तो स्वतः झिजतो आणि बाकीच्यांना राखतो. हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाला ही युक्ती सुचवली, जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी. पत्रा वाचला. पण विरघळणाऱ्या तांब्यामुळेच तर बुडाला शंख-शिंपले चिकटत नव्हते. ते आता खुशाल चिकटू लागले. समुद्राशी व्यवहार करताना एका खिशातलं वाचवावं तर दुसऱ्यातून जातं.

याच शहरात बांधलेल्या एका बोटीची गोष्ट मला अशा वेळी आठवते. ‘सुहैली’ १९६०च्या दशकात मुंबईत बांधली गेली, बत्तीस फुटी, सागवानी. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजावरचा तरुण अधिकारी होता. तिच्यात बसून १४ जून १९६८ ला तो फालमथहून निघाला आणि कुठेही न थांबता, एकट्याने, पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. असं करणारा जगातला पहिला माणूस. ती शर्यत होती. तीत नऊ जण होते, पूर्ण करणारा हा एकटा. लोक त्याची वादळं आठवतात. मला आठवतं ते दुरुस्तीचं काम. बॅटऱ्या भरणाऱ्या छोट्या इंजिनात ठिणगीसाठीचं अंतर जुळवायचं होतं आणि ते मोजायची पट्टी बोटीवर सापडेना. त्याने पुस्तक घेतलं आणि पानं मोजली. इंचभर जाडीत दोनशे पानं, म्हणजे एक पान पाच सहस्रांश इंच. हवी तेवढी पानं धरून त्याने अंतर बसवलं. दुकान हजारो मैलांवर असलं की माणूस पार्ट बदलायचं सोडून विचार करायला लागतो. आमच्या हाताशी नागदेवी स्ट्रीट आहे, दारूखाना आहे, हे आमचं सुख की अडचण, कोण जाणे.

विजेचं हे झालं. इंजिनाची जात मात्र वेगळी. दोरी ओढून बंद करायच्या जुन्या डिझेलला चालू व्हायला वीज लागते, चालत राहायला नाही. ठिणगी नाही, कॉइल नाही. हवा इतकी दाबली जाते की तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा, दाब आणि स्वच्छ तेल मिळालं की एकदा सुरू झालेलं इंजिन बॅटरी समुद्रात फेकली तरी चालेल. (खरंच फेकू नका, चालत्या अल्टरनेटरपासून बॅटरी तोडली की त्याचे डायोड जाऊ शकतात.) म्हणून चालता चालता इंजिन गचके खाऊन थांबलं तर वायरींच्या वहीला हात लावायचा नाही. संशय तेलावर धरायचा.

आमचं थांबलं ते माघातल्या एका दुपारी, खांदेरीहून परतताना. वायव्येचा वारा तोंडावर, पाणी चांगलंच उसळलेलं. इंजिनाचा सूर वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, आणि गप्प. तेच इंजिन बोयावर उभ्या बोटीत तासन् तास तक्रार न करता चालायचं. जुन्या बोटींची इंजिनं नेमकी खवळलेल्या पाण्यातच दगा देतात, याला दैव मानणारे बरेच आहेत. कारण साधं आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. शांत पाण्यात तो तळाशीच राहतो, लाटांवर बोट नाचू लागली की ढवळून वर येतो आणि फिल्टरात जाऊन बसतो.

शीड उभारलं. इंजिन गेलं की कान परत येतात: बुडाखालून सरकणारं पाणी, दोरांची कुरकुर, लांबवर ट्रॉलरची धडधड. चाचा त्या दिवशी बरोबर होते. टॉर्च दातांत धरून ते पायऱ्यांमागे शिरले आणि फिल्टरखालची काचेची वाटी काढून त्यांनी उजेडात धरली. वर डिझेल, खाली पाणी, आणि दोघांच्या सीमेवर काळसर, बुळबुळीत साय. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वस्ती करतात. खायला डिझेल, राहायला पाणी. आणि ते पाणी टाकीत येतं पावसाळ्यात. बोट यार्डात उचलून ठेवलेली, टाकी अर्धी रिकामी, त्या रिकाम्या अर्ध्यात चार महिने दमट हवा ये-जा करते आणि रात्री थंड पत्र्यावर तिचे थेंब धरतात.

वाटी धुतली, फिल्टर बदलला, तरी इंजिन धरेना. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पंप तेल ओढत असतो. तिथला जोड सैल असेल तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. गळती आहे आणि थेंब कुठेच नाही. चाचांनी तांब्याचा एक झिजलेला वायसर बदलला आणि एअर काढायला घेतली. मी अंगठ्याने पंपाची दांडी दाबत होतो, ते फिल्टरवरचा स्क्रू अर्धा फिरवून बघत होते. आधी फेस आला. मग मोठे बुडबुडे. मग बुडबुडे आणि तेल आळीपाळीने. मग नुसतं तेल, टॉर्चच्या उजेडात एकही फोड नसलेलं. “बस.” स्क्रू आवळला. पुढे नोझलचे नट, त्याच क्रमाने. किल्ली फिरवली तेव्हा अंधार पडला होता. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि सूर धरला. चाचांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. ते मागच्या टोकाला जाऊन एक्झॉस्टमधून पाणी फेकलं जातंय का ते बघत होते. मुंबईच्या पाण्यात दर फेरीला एखादी प्लास्टिकची पिशवी नळाच्या तोंडाशी येतेच, आणि पाणी नाही मिळालं तर थंड करणाऱ्या पंपातलं रबरी चाक बघता बघता फाटतं. पाणी येत होतं. धूर पांढरा, मग विरळ, मग नाहीसा.

तरी ते इंजिन आम्ही थोड्या वेळाने बंद केलं. जमिनीवरून मतलई सुटली होती, शीड भरलं होतं, आणि चालू होईल याची खात्री असलेलं इंजिन बंद ठेवण्यात जी चैन आहे ती दुसऱ्या कशात नाही.

चाचा आता हर्णैला परतले आहेत. काही अडलं तर मी फोन इंजिनाजवळ धरतो आणि ते तिकडून ऐकतात. मागच्या वेळी मी खात्रीने म्हणालो, नोझल गेलं. ते म्हणाले, “नोझलला नाव ठेवू नका. आधी टाकीपास्नं चालत या.” मी टाकीपासून चालत आलो. हवा टाकीच्या वरच्या वाटेतच अडली होती. टाकीला श्वास घ्यायची जी बारीक नळी असते तिच्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

तेव्हा जुनी बोट विकत घ्यायचा विचार असेल तर शिडं शेवटी बघा. आधी टॉर्च आणि मीटर घेऊन पायऱ्यांमागे शिरा. मालकाला किल्ली फिरवून धरायला लावा आणि ऋण केबलवरून टोकापर्यंत हात फिरवा. फिल्टरची वाटी सोडवून उजेडात धरा. पावसाळ्यात टाकी तोंडापर्यंत भरून ठेवता का, ते विचारा. आणि बोटीवर आजवर किती सेल्फ मोटारी बदलल्या तेही विचारा. उत्तर दोन किंवा तीन आलं, तर किंमत घासाघीस करून खाली आणा आणि बोट घ्या. बहुधा ती चांगली असेल.